बुधवारचे दूध

मुंबईच्या फोर्टातल्या आमच्या कार्यालयाच्या गल्लीत चहाची एक जुनी टपरी आहे. तिच्या आतल्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते आणि गेल्या काही वर्षांपासून त्याच्या चौकटींत, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी, निळ्या पेनाने लिहिलेले आकडे दिसतात. ते उधारीचे असावेत असे मला बरेच दिवस वाटत होते. एकदा पावसामुळे तिथे अडकून पडले असताना मी टपरीवाल्या काकांना विचारले, तेव्हा कळले की ते दुधाचे लिटर आहेत. बुधवारच्या चौकटीत सर्वांत मोठा आकडा असतो आणि शुक्रवारच्या चौकटीत त्याच्या निम्म्याहून कमी. २०२० पूर्वी त्यांना असे काही लिहून ठेवावे लागत नव्हते. दूध ठरलेले होते आणि ते संध्याकाळपर्यंत संपतही होते.

"आता कुठलं हापिस कुठल्या वाराला येतंय ते बघून दूध सांगावं लागतं, ताई," ते म्हणाले. "एक दिवस चुकला की पातेलंभर नासतं."

आमच्या गल्लीतल्या कोणत्या कंपनीची माणसे आठवड्यातून कोणते तीन दिवस कामावर येतात, कोणत्या मजल्यावरचे कार्यालय बंद झाले आणि कोणाचे लोक आता फक्त महिनाअखेरीला दिसतात, याची इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कोणाकडे असेल असे मला वाटत नाही. त्या दिवसापासून फोर्टाचे पुढे काय होणार हा विचार माझ्या मनात त्या निळ्या आकड्यांसकटच येतो.

मी १९९८ साली एका विमा कंपनीच्या दावे विभागात रुजू झाले. व्हीटीचे नाव बदलून तेव्हा दोन वर्षे झाली होती, तरी डब्यातल्या सगळ्याजणी व्हीटीच म्हणत आणि अजूनही म्हणतात. डोंबिवलीहून आठ-बाराची फास्ट पकडायची, भुयारी मार्गाने दादाभाई नौरोजी रस्त्यावर यायचे, तिथल्या जुन्या इमारतींच्या कमानींखालून, ऊन असो वा पाऊस, फिरोजशहा मेहता रस्त्यापर्यंत चालत जायचे आणि पावणेदहाच्या आत मस्टरवर सही करायची, हा क्रम बावीस वर्षे चालला. घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत एक तास चाळीस मिनिटे आणि परत येताना तितकीच. टाळेबंदीच्या काळात एका दुपारी मी कागदावर हिशेब मांडला. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर सव्वाआठशेहून अधिक तास होतात, म्हणजे वर्षाचे जवळजवळ पस्तीस अहोरात्र. आणि बावीस वर्षांचे मिळून, रात्री-दिवस धरून, दोन वर्षांहून अधिक आयुष्य मी डोंबिवली आणि फोर्ट यांच्या मध्ये घालवले होते. तो कागद मी कोणाला दाखवला नाही. माझ्या ओळखीच्या प्रत्येकीचा हिशेब साधारण तेवढाच निघाला असता.

मुंबईचा मध्य हा भूगोलाच्या दृष्टीने मध्यावर नाहीच, तो शहराच्या टोकाला आहे. इंग्रजांच्या किल्ल्याच्या तटबंदीत वसलेला हा भाग जुन्या लोकांच्या तोंडी 'कोट' होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती या कोटाच्या बाहेरून, आणि १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडली गेली, तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेवर शहराचे नवे दर्शनी रूप उभे राहिले. पुढे १८८७ मध्ये फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार बांधलेले व्हिक्टोरिया टर्मिनस आले. बंदर, बँका, उच्च न्यायालय, विद्यापीठ, शेअर बाजार, सचिवालय असे सगळे या टोकाला एकवटले आणि राहणारी माणसे मात्र उत्तरेला सरकत गेली. २०११ च्या जनगणनेत कुलाबा, फोर्ट, चर्चगेट हा परिसर ज्यात येतो त्या महापालिकेच्या ए विभागात १ लाख ८५ हजार माणसे राहत होती. त्याआधीच्या दहा वर्षांत तिथली वस्ती घटली होती. त्याच वर्षी एकट्या कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात पोहोचली होती. माणसे एकीकडे आणि मस्टर दुसरीकडे, अशी ही रचना आहे. म्हणून आमच्या गाड्या सकाळी एका दिशेला दाराबाहेर लोंबकळणाऱ्या माणसांसह जातात आणि त्याच गाड्या उलट दिशेला निम्म्या रिकाम्या परततात.

या रचनेतला दोष फार पूर्वी ओळखला गेला होता, हे मला विशेष लागते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि सरकारी कार्यालयेच तिकडे गेली तर त्यांच्यामागून बाकीचेही जातील अशी अपेक्षा होती. नवी मुंबई उभी राहिली, पण मंत्रालय जागचे हलले नाही. उलट त्याच दशकात समुद्रात भर घालून केलेल्या नरिमन पॉइंटवर एकामागून एक मनोरे चढले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या कार्यालयांची भाडी जगातल्या सर्वांत महागड्या भाड्यांत गणली जाऊ लागली. त्या वैभवाचे ओझे व्हीटी आणि चर्चगेट या दोन स्थानकांवर पडले, म्हणजे पर्यायाने आमच्या खांद्यांवर.

तरीही फोर्ट ओस पडण्याचा सगळा दोष घरून काम करण्यावर टाकणे मला बरोबर वाटत नाही. मी रुजू झाले त्याच्या आधीच इथून माणसे हलायला लागली होती. १९९५ साली दलाल स्ट्रीटवरच्या शेअर बाजारात संगणकावरून सौदे होऊ लागले, रिंगमध्ये ओरडून भाव देण्याची पद्धत संपली आणि दलालाला घाटकोपरमध्ये बसून व्यवहार करता येऊ लागला. एका अर्थाने फोर्टात दूरस्थ काम पहिल्यांदा आले ते तेव्हा. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी सांगत की बाजार सुटला की त्या अरुंद गल्लीत सँडविचवाल्याजवळ उभे राहायला जागा नसे. पुढे राष्ट्रीय शेअर बाजार वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. २०१० मध्ये हिऱ्यांचा बाजारही ऑपेरा हाऊस सोडून तिथेच गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर लोअर परळची काचेची कार्यालये उभी राहिली आणि हजारो नवे नोकरदार तिथल्या स्थानकांच्या जुन्या, अरुंद जिन्यांवर उतरू लागले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, त्या दिवशी आमच्या डब्यात कोणीही बोलत नव्हते. कार्यालये हलवणारे जागेचा दर पाहतात आणि त्या जागेपर्यंत माणूस कसा पोहोचेल हे पाहायचे राहून जाते, हे तेव्हा मला कायमचे समजले.

मग २०२० चा मार्च आला. २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या. आमचे घर रुळांपासून जवळ आहे, आणि पहाटे चारच्या सुमाराला पहिल्या गाडीचा जो आवाज झोपेतही ओळखीचा झाला होता, तो नसल्यामुळे मी कितीतरी दिवस दचकून उठत असे. १५ जूनपासून गाड्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाल्या, ऑक्टोबरात ठराविक वेळांत स्त्रियांना प्रवेश मिळाला, आणि दोन्ही लसमात्रा घेतलेल्या सर्वांना १५ ऑगस्ट २०२१ पासून पुन्हा पास काढता येऊ लागला. मी त्या दिवसांत घरूनच काम करत होते. दावे कागदावरून संगणकावर गेले होते आणि मी फोर्टात नसल्यामुळे एकही दावा अडला नाही, ही गोष्ट मला आधी दिलासा देणारी वाटली आणि नंतर काहीशी अस्वस्थ करणारी.

आमचे घर दोन खोल्यांचे. सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी घडीचे टेबल, त्यावर कार्यालयाने दिलेला लॅपटॉप, मागे स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आणि आतल्या खोलीत मुलीचे ऑनलाइन वर्ग. वाचलेले तीन तास वीस मिनिटे माझे होतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ते घराचे झाले. "तू घरीच आहेस ना" या चार शब्दांनी दिवसभर माझ्यापुढे कामे येत राहिली, आणि त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. घरात असलेल्या बाईचा वेळ मोकळाच असतो अशी आपली सगळ्यांची समजूत आहे, माझीसुद्धा होती. तेव्हा मला लेडीज डब्याची किंमत कळली. गर्दी, घाम, भांडणे हे सगळे तिथे होतेच, पण त्या सव्वा तासात कोणी मला हाक मारू शकत नव्हते. तिथे मी वाटाणे सोलले, मुलीच्या स्वेटरची बाही विणली, रडले, झोपले, मैत्रिणीच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी गोळा केली, संक्रांतीनंतर हळदीकुंकू केले आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या माळांनी सजवलेल्या डब्याच्या पूजेला उभी राहिले. १९९२ साली चर्चगेटहून पहिली महिला विशेष गाडी सुटली, तेव्हा बातम्यांत सोय आणि सुरक्षितता यांचा उल्लेख झाला असेल. माझ्यासारख्या असंख्य स्त्रियांना मात्र डब्यात घर आणि कार्यालय या दोन्हींच्या मधली एक तिसरी जागा मिळाली होती, जिचे भाडे पासातच भरले जात होते.

हे लिहिताना मला प्रवासाचे गोडवे गायचे नाहीत. पोटातल्या बाळासकट मी त्या डब्यात सातव्या महिन्यापर्यंत उभी राहिले आहे आणि दाराशी लटकणाऱ्या मुलींचे हात सुटताना पाहिले आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून पडून प्रवासी मेले ते आमच्याच मार्गावर, सकाळच्या घाईच्या वेळेला. घरून काम सुरू झाल्यानंतर पाच वर्षांनीही गाड्या अशा भरलेल्या का, असे त्या वेळी अनेकांनी विचारले. उत्तर डब्यात नजर फिरवली तरी मिळते. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, सेंट जॉर्जेस आणि जी.टी. रुग्णालयांतल्या परिचारिका, न्यायालयातले कारकून, दुकानांतले विक्रेते, कुरिअरची मुले, बँकेच्या खिडकीवर बसणारी माणसे यांना लॅपटॉप उघडून घरी बसता येत नाही. माझा नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात काम करतो. त्याच्या यंत्राला हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून काम, हा शब्द माहीत नाही. घरी थांबण्याची मुभा आमच्यासारख्या थोड्यांना मिळाली. त्यामुळे गाडीतली गर्दी फारशी कमी झाली नाही, पण गल्लीतला धंदा मात्र घटला, कारण दुपारी खाली उतरून चहा, फळांची डिश, भजी, मासिके, पेन आणि मोबाइलचे कव्हर विकत घेणारे बहुतांश आम्हीच होतो.

आमच्या कंपनीने २०२२ मध्ये आठवड्यातून तीन दिवसांची हजेरी ठरवली. आमच्याकडे चार मजले होते, त्यांतले दोन परत दिले गेले. ज्या टेबलाच्या काचेखाली मी इतकी वर्षे मुलीचे फोटो आणि गणपतीचे चित्र ठेवले होते, ते टेबलच राहिले नाही. आता सकाळी ॲपवर जागा राखून ठेवायची आणि संध्याकाळी ती पुसून मोकळी करायची. उपाहारगृह बंद झाले. खालच्या झेरॉक्सवाल्याने दोनपैकी एक यंत्र विकले. इमारतीच्या दाराशी बसणारे चर्मकार काका, ज्यांनी माझ्या चपलेचा अंगठा किती वेळा शिवला असेल याची गणतीच नाही, ते गावी गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या जागेवर आता एक कुंडी ठेवलेली आहे.

दादरहून येणाऱ्या माझ्या सहकाऱ्याचा जेवणाचा डबा बंद झाला, तेव्हा मला या सगळ्याची यंत्रणा नीट समजली. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामात टाळेबंदीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवत होते असे सांगितले जाते. मावळ, जुन्नर, आंबेगाव, राजगुरुनगर या भागांतली ही माणसे. त्यांची पद्धत रोजच्या रोज तेच डबे त्याच वाटेने जाण्यावर उभी आहे. एक जण घरोघरी फिरून डबे गोळा करतो, स्थानकावर ते खुणांप्रमाणे वेगळे होतात, गाडीने जातात, पुन्हा वेगळे होतात आणि तिसऱ्याच माणसाच्या हातून टेबलापर्यंत पोहोचतात. साखळीतल्या प्रत्येकाला पुरेसे डबे असले तरच त्याचा महिना भागतो. माझ्या सहकाऱ्याने तीन दिवसांचे पैसे किती होतील असे विचारले, आणि त्याच्या दृष्टीने ते रास्तच होते. पण तीस डब्यांच्या ठिकाणी बारा डबे असले तरी जिने तितकेच चढावे लागतात आणि हातगाडी तितकीच ढकलावी लागते. अखेर तो डबा कोणाच्याही भांडणाविना बंद पडला. माझा सहकारी आता कामाच्या दिवशी मोबाइलवरून जेवण मागवतो.

आम्ही वाचवलेला पैसा नाहीसा झालेला नाही. तो डोंबिवलीत खर्च होतो. आमच्या रस्त्यावर पूर्वी एक पोळी-भाजी केंद्र होते, आता चार आहेत. फडके रोडच्या आसपास दुपारी तीनला चहासाठी माणसे उभी दिसतात, जी वेळ पूर्वी फक्त निवृत्तांची होती. टेबल-खुर्ची तासावर भाड्याने देणारी जागा दोन चौक सोडून उघडली आहे. एका उपनगराला इतक्या वर्षांनी दिवसाचे जीवन मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे, कारण आमचे गाव बराच काळ फक्त झोपण्यासाठी होते. पण पैसा ज्या हातांतून निघाला आणि ज्या हातांत पोहोचला, ते हात वेगवेगळे आहेत. फोर्टातल्या चर्मकार काकांना डोंबिवलीत गिऱ्हाईक मिळत नाही.

काही लोक यावर म्हणतात की सगळ्यांना पाच दिवस परत बोलवा, म्हणजे शहराचा मध्य पुन्हा भरेल. हे मला मान्य नाही. टपऱ्या जगाव्यात म्हणून माझ्या मुलीने आपल्या आयुष्यातली दोन वर्षे डब्यात उभे राहून घालवावीत, असे मी कधीही म्हणणार नाही. फोर्टाचा धंदा आमच्या इच्छेवर नव्हे, आमच्या नाइलाजावर चालला होता, आणि तो नाइलाज सैल झाल्यावर इथे स्वतःहून येण्यासारखे काय आहे हा प्रश्न पहिल्यांदाच उघडा पडला. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत हाच प्रश्न फार कठोरपणे समोर आला. तिथल्या कार्यालयीन जागांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जागा रिकाम्या पडल्या. फोर्टाची स्थिती तशी नाही. बाजारगेटच्या आणि बोरा बाजाराच्या गल्ल्यांत अजून घरे आहेत, दोरीवर कपडे वाळतात, अग्याऱ्यांत दिवा तेवतो आणि कागद-स्टेशनरीच्या घाऊक दुकानांत हमालांची ये-जा चालू असते. ज्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर माणसे राहतात, त्यांच्या खालचा वाणी, न्हावी आणि खानावळवाला वाराचा हिशेब करत बसत नाही.

म्हणून रिकाम्या मजल्यांचे काय करायचे, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. एअर इंडियाने मुख्यालय दिल्लीला नेल्यावर नरिमन पॉइंटवरची तिची तेवीस मजली इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपयांना आपल्या कार्यालयांसाठी घ्यायचे ठरवले. मंत्रालयाजवळ जागा हवी हा विचार समजण्यासारखा आहे, भाड्यापोटी जाणारा पैसा वाचेल हेही खरे. परंतु जे १९७० च्या दशकात राहून गेले ते करण्याची संधी पुन्हा एकदा हातची गेली आणि टोकाच्या दिशेने जाणारी गर्दी आणखी एका पिढीसाठी पक्की झाली, असे ती बातमी वाचताना मला वाटले. फोर्टातल्या जुन्या, भाडेनियंत्रणाखालच्या इमारतींचे वरचे मजले दुरुस्त करून तिथे परिचारिका, हवालदार, लिपिक, नव्याने नोकरीला लागलेल्या मुली यांना परवडतील अशी भाड्याची घरे करता येणार नाहीत का? ते सोपे नाही याची मला कल्पना आहे. मालक-भाडेकरूंचे खटले, वारसा इमारतींचे नियम, खोल मजल्यांच्या आतल्या भागात न पोहोचणारा उजेड आणि दोन-दोन स्वच्छतागृहांवर चाललेले मजले, हे सगळे आड येते. पण संध्याकाळी आठनंतर याच रस्त्यांवरून स्थानकाकडे झपाझप चालताना मी कितीदा मनात म्हटले आहे, की वर एखाद्या खिडकीत दिवा असता आणि कोणाचे तरी मूल पाढे म्हणत असते, तर मी हळू चालले असते.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे आणि ती मला टपरीवरच्या कालनिर्णयाने शिकवली. घरून काम करण्याची मुभा असलेल्या आमच्या गल्लीतल्या जवळजवळ सर्व कार्यालयांनी मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हेच दिवस निवडले आहेत. प्रत्येकाने आपापला विचार केला आणि सगळ्यांचा विचार एकसारखा निघाला. त्यामुळे बुधवारी उद्वाहनासमोर रांग, उडपी हॉटेलात रांग, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि शुक्रवारी त्याच ठिकाणी शुकशुकाट. मध्य रेल्वेने २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या मुंबईतल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या वेळा दोन टप्प्यांत वाटल्या आणि इतर कार्यालयांनीही तसे करावे म्हणून आवाहन केले, तेव्हा मला बरे वाटले होते. तासांची जशी वाटणी, तशी वारांचीही करता येईल. एका रस्त्यावरच्या कंपन्यांनी एकमेकींशी बोलून दिवस वाटून घेतले, तर रूळ वाढवावे लागत नाहीत, पूल बांधावे लागत नाहीत. मी हे आमच्या वरिष्ठांना पत्राने सुचवले. शेजारच्या कार्यालयाशी बोलण्याची आमच्याकडे पद्धत नाही, असे मला सांगण्यात आले.

दरम्यान जमिनीखाली फार मोठी गोष्ट घडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण खुली झाली आणि सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन ही नावे मेट्रो स्थानकांवर लागली. या कामासाठी फोर्टातले रस्ते इतकी वर्षे खणलेले होते की पत्र्यांच्या कुंपणाबाहेरचा हुतात्मा चौक कसा दिसतो हे मी विसरून गेले होते. मेट्रोची आखणी झाली तेव्हा लोकांनी रोज कामाला यावे हेच गृहीत होते; ती पूर्ण झाली तेव्हा ते गृहीतक बदललेले होते. कोणी याला उशीर म्हणेल. मला वाटते, तिचा खरा उपयोग वेगळाच होईल.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी माझी मुलगी तिच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयातून निघाली आणि जेमतेम अर्ध्या तासात हुतात्मा चौकात माझ्यासमोर उभी राहिली. तिला फोर्टात काहीच काम नव्हते. काळा घोड्याला एक प्रदर्शन पाहायचे होते, नंतर इराण्याकडे बनमस्का खायचा होता आणि मग माझ्याबरोबर गाडीने घरी यायचे होते. बावीस वर्षांत मी स्वतः जहांगीर कलादालनात दोनदा गेले होते, ते माझ्या कार्यालयापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असूनही. सहा-पाचची गाडी चुकली तर पुढच्या गाडीत बसायला मिळत नसे, एवढे एकच कारण होते. त्या संध्याकाळी आम्ही सव्वाआठपर्यंत फिरलो. कमानींखालून चालताना तिने मान वर करून विचारले, "आई, हे दगडी चेहरे तू रोज बघायचीस?" मी खरे ते सांगितले. मी त्या रस्त्यावर कायम खाली, पायांपुढच्या गर्दीकडे पाहत चालले होते.

त्यानंतर आम्ही एका रविवारी सासूबाईंनाही घेऊन आलो. उन्हे कोवळी होती, ओव्हलवर एकाच वेळी कितीतरी सामने चालू होते, हॉर्निमन सर्कलच्या बागेत मुले पळत होती आणि रस्त्यात कॅमेरे गळ्यात घातलेली तरुण माणसे जुन्या इमारतींसमोर थबकत होती. आमच्या गल्लीत जाण्याचे खरे तर कारण नव्हते, पण माझे कार्यालय पाहायचे अशी सासूबाईंची इच्छा होती. त्यांनी खालूनच इमारत पाहिली आणि "एवढ्यासाठी इतकी लांब येत होतीस," एवढेच म्हणाल्या.

टपरी उघडी होती. रविवारी ती मी कधीच उघडी पाहिलेली नव्हती. काकांनी आम्हाला तीन चहा दिले, सासूबाईंसाठी बाकडे पुसून दिले आणि मेट्रो सुरू झाल्यापासून सकाळी माणसे येतात, म्हणून अकरापर्यंत थांबतो असे सांगितले. हापिसची नसतात ती, असेही म्हणाले. दोन मुली फोटो काढून झाल्यावर चहा घेत होत्या; त्यांनी दुसरा मागितला. मी आत पाहिले. कालनिर्णयाच्या रविवारच्या तांबड्या चौकटींत इतकी वर्षे तिथींखेरीज काहीही नसे. त्या दिवसाच्या चौकटीत निळ्या पेनाने चार लिटर लिहिलेले होते, आणि पुढच्या रविवारी पाच.